सायकलचा मीटर आणि आपली नाडी

गेल्या श्रावणातली गोष्ट. सकाळी पावणेआठच्या सुमारास दवाखान्याचे कुलूप काढत होतो, तोच एक रिक्षा येऊन थांबली. आमचे जुने पेशंट, एक निवृत्त गणित शिक्षक, दोघांच्या आधाराने खाली उतरले. सदरा घामाने चिंब, हात थरथरत होते, बोलणे जड झालेले. बरोबर कोरेगाव रस्त्यावरचा एक टपरीवाला होता. तो म्हणाला, "सायकल टाकून रस्त्याकडंला बसलं होतं सर. च्यात चार चमचं साखर घालून पाजली आन् आणलं तसंच." रक्तातली साखर तपासली. एवढा गोड चहा पोटात जाऊनही ती ७४ भरली. त्याआधी किती खाली गेली असेल, ते सांगायला नको.

सरांना मधुमेह आहे. इतर गोळ्यांबरोबर ग्लिमेपिराइड चालू आहे. ही गोळी न्याहारीबरोबर घ्यायची. सर ती सहाला घेत, मग सायकल काढत आणि न्याहारी परत आल्यावर. चूक तिथेच झाली, आणि ती विचारून न घेतल्याचा दोष माझाही. पण खरी गोष्ट अर्ध्या तासाने कळली. ते सावध झाल्यावर विचारले, "सर, थरथर कधी जाणवली?"

"साडेअठराला."

मला वाटले, घड्याळाचे काहीतरी सांगताहेत. ते साडेअठरा किलोमीटर म्हणत होते. सायकलच्या हँडलला त्यांनी नवा मीटर बसवून घेतला होता. रोज वीस किलोमीटर हा त्यांचा नेम. थरथर सुरू झाली तेव्हा मीटरवर १८.५, घराचे फाटक आले तेव्हा १९.२. फाटक मागे टाकून ते पुढे गेले, कारण वीस भरायला आठशे मीटर कमी होते. १९.७ ला डोळ्यांपुढे अंधारी आली.

"तीनशे मीटर राहिले होते हो डॉक्टर," असे ते चक्क हळहळून म्हणाले! जाता जाता त्यांनी मला विचारले, "हा मीटर ठेवू की काढून टाकू?" चटकन "काढा" म्हणणे सोपे होते. पण आमच्याकडेही पुण्याच्या भाच्याने दिलेला तसलाच एक मीटर वर्षभर कपाटात पडून होता. म्हटले, स्वतः लावून पाहिल्याशिवाय सल्ला द्यायचा नाही. भाद्रपद ते दिवाळी तो माझ्या सायकलवर राहिला. त्या दोन-अडीच महिन्यांत जे मत बनले, ते आज मांडतो.

आधी हे यंत्र आहे काय ते पाहू. त्याला सायकल कॉम्प्युटर म्हणतात, पण नावाने दबून जाऊ नये. पुढच्या चाकाच्या एका तारेला बोटाच्या पेराएवढे चुंबक आणि चिमट्याला एक छोटा खटका. चुंबक समोरून गेले की खटका मिटतो आणि यंत्र एक फेरा मोजते. चाकाचा घेर आपण आधी सांगून ठेवलेला असतो. फेरे गुणिले घेर म्हणजे अंतर, अंतर भागिले वेळ म्हणजे वेग. झाले. कल्पना जुनीच आहे. अमेरिकेत कर्टिस व्हीडर नावाच्या गृहस्थाने १८९५ च्या सुमारास चाकाच्या फेऱ्यांवर चालणारा यांत्रिक अंतरमापक काढला होता. आज काही शे रुपयांत मीटर मिळतो. उपग्रहावरून जागा ओळखणारे, नकाशा दाखवणारे, छातीच्या पट्ट्यावरून नाडी वाचणारे मीटर पंधरा-वीस हजारांच्या पुढे जातात. आणि ज्याच्या खिशात स्मार्टफोन आहे त्याच्याकडे अंतर मोजायची सोय फुकटच आहे.

म्हणजे मीटर जे सांगतो ते चाकाबद्दल. तेही आपण सांगितलेला घेर बरोबर असेल तर.

आता गंमत पाहा. त्या प्रसंगानंतर आठवड्याने मी सरांच्या घरी गेलो होतो. अंगणात त्यांची काळी, दणकट, अठ्ठावीस इंची सायकल उभी. मीटरची बटणे दाबून पाहिली तर घेर २१०५ मिलिमीटर भरलेला. हा शर्यतीच्या सायकलच्या बारीक टायरचा आकडा. दुकानात कोणी बदललाच नव्हता. टायरवर आणि फरशीवर खडूने खूण केली, सरांना वर बसवले, कारण बसल्यावर टायर थोडा दबतो. एक पुरा फेरा ढकलला आणि काकूंच्या शिवणकामाच्या टेपने मोजले. २२१५ मिलिमीटर भरले. म्हणजे मीटर रोज पाच टक्के कमी दाखवत होता. तो १९ दाखवी तेव्हा वीस पुरे झालेले असत. त्या सकाळी सर आपल्या फाटकावरून पुढे गेले, तेव्हा वीस किलोमीटर केव्हाच मागे पडले होते. सरांनी कागदावर दोनदा हिशेब केला आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. गणिताचे शिक्षक, त्यामुळे त्यांना ते जास्तच लागले असावे.

मात्र मीटरची चांगली बाजू मला पहिल्याच दिवशी कळली, आणि ती थोडी लाजिरवाणी आहे. घरापासून संगम माहुलीपर्यंत जाऊन परत यायचे, हा माझा वर्षानुवर्षांचा रस्ता. "मी या वयात रोज बारा किलोमीटर सायकल मारतो," असे मी पेशंटांना ऐटीत सांगत आलो. घेर नीट मोजून मीटर लावला आणि निघालो. परत आलो तेव्हा आकडा होता ९.१. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढाच. "रोज" या शब्दाचेही तेच झाले. महिनाअखेरीस मोजले तर एकोणीस दिवस भरले. व्यायामाच्या बाबतीत माणूस स्वतःशी जेवढे खोटे बोलतो तेवढे आयकर खात्याशीही बोलत नसेल. पेशंट म्हणतात, "चालतो की रोज तासभर." त्या तासात पेपर आणणे, वाटेत कट्ट्यावर बसणे सगळे धरलेले असते. असा भ्रम मोडायला मीटर चांगला. नव्याने सायकल सुरू करणाऱ्याला, गुडघ्याच्या दुखण्यानंतर हळूहळू अंतर वाढवायचे असलेल्याला, महिना-दोन महिने तो जरूर लावावा.

पण तिसऱ्या आठवड्यापासून माझेच लक्ष एकूण अंतरावरून उडून सरासरी वेगावर जाऊन बसले. ही सरासरी फार लबाड चीज आहे. सातारा अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी, माहुली खाली कृष्णा-वेण्णेच्या संगमावर. जाताना उतार, येताना चढ. त्यात भाद्रपदात वारा पश्चिमेचा. चाळकेवाडीच्या पठारावरच्या पवनचक्क्या ज्या वाऱ्यावर फिरतात, तोच परतताना तोंडावर बसतो. लोकांना वाटते, जाताना जेवढा फायदा तेवढाच येताना तोटा, हिशेब फिटला. तसे नाही. दहा किलोमीटर ताशी २५ च्या वेगाने गेलात आणि दहा किलोमीटर ताशी १५ ने आलात, तर सरासरी २० येत नाही, १८.७५ येते, कारण हळू चाललेल्या रस्त्यावर वेळ जास्त मोडतो. दसरा उलटला, वारा फिरला, पूर्वेकडून येऊ लागला. उतारावर तो समोरून, चढावर पाठीशी. माझी सरासरी आपोआप सुधारली. आणि मी, पस्तीस वर्षे वैद्यकी केलेला माणूस, घरी येऊन सौ.ला सांगतो की, "दम वाढलाय बरं का माझा!" ती म्हणाली, "जिना चढताना तर तेवढाच लागतो." वारा फिरल्याचे माझ्या ध्यानात आले ते नंतर दोन दिवसांनी.

इथवर गंमत होती. पण हा आकडा वाढवायच्या नादात शरीराला काय पडते, ते प्रत्येकाने समजून घ्यावे. सपाट रस्त्यावर पंधरा-वीसच्या पुढे वेग गेला की आपली बहुतेक ताकद हवा कापण्यात जाते, आणि हवा कापायला लागणारी शक्ती वेगाच्या घनाने वाढते. ताशी २० चे २२ करायचे म्हणजे मीटरवर दहा टक्के वाढ, पण हवेपुरते बोलायचे तर काम जवळजवळ एक तृतीयांशाने जास्त. मीटरवर दोन एवढाच फरक दिसतो. हृदयाला तो दोन वाटत नाही. तरुण, निरोगी माणसाने हौसेने हे करावे. साठीच्या पुढचा, रक्तदाबाचा, अँजिओप्लास्टी झालेला माणूस रोज कालच्या आकड्याशी शर्यत लावू लागला, तर मला काळजी वाटते. छातीत जडपणा आला तर थांबायचे असते. "एवढा चढ पार करू, सरासरी पडेल" हा विचार तिथे घातक आहे.

महागड्या मीटरमध्ये नाडी दिसते, मग तो तरी सुरक्षित नाही का, असे भाच्याने विचारले. नाडीचे कमाल ठोके म्हणजे २२० वजा वय, हे सूत्र सगळ्यांना पाठ असते. ते सरासरीचे सूत्र आहे. एकाच वयाच्या दोन धडधाकट माणसांत दहा-बारा ठोक्यांचा फरक सहज असतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, आपल्याकडे रक्तदाबासाठी किंवा हृदयासाठी मेटोप्रोलॉल, अ‍ॅटेनोलॉल या जातीच्या गोळ्या घेणारे पुष्कळ आहेत. या गोळ्या नाडीला वर जाऊच देत नाहीत, तेच त्यांचे काम. असा माणूस धापा टाकत असला तरी मीटर म्हणणार, अजून बरीच जागा शिल्लक आहे! शिवाय साखर उतरल्यावर जी थरथर आणि धडधड सुटते, तीही या गोळ्यांनी दबू शकते. घाम तेवढा येतो. मधुमेहाबरोबर ही गोळी चालू असेल तर अवचित आलेला गार घाम हाच इशारा समजावा, थांबावे, तीन चमचे साखर खावी आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे. खिशात साखरेची पुडी असल्याशिवाय सायकल काढू नये. मीटर नसला तरी चालेल.

उष्मांकांच्या आकड्याबद्दल तर बोलायलाच नको. साधा मीटर तो फक्त वेगावरून काढतो. तुमचे वजन त्याला ठाऊक असेल-नसेल, चढ-उतार कळत नाही, वारा कळत नाही. उतारावर पॅडल न मारता गेलात तरी तो उष्मांक जाळल्याची पावती देतो. त्या पावतीवर पोवई नाक्यावर वडापाव खाणारे लोक माझ्या माहितीत आहेत.

मग मोजायचे काय? जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली जी मार्गदर्शक तत्त्वे दिली, त्यात प्रौढ माणसाला आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम व्यायाम सांगितला आहे, किंवा जोरकस असेल तर ७५ ते १५० मिनिटे. त्यात किलोमीटर नाहीत, वेगही नाही. मिनिटे आहेत. आमच्या लहानपणी सायकल तासाच्या भाड्याने मिळे. किती लांब गेलास, हे दुकानदार विचारत नसे, घड्याळ बघे. आरोग्याचा हिशेब त्या दुकानदारासारखाच ठेवावा. आणि "मध्यम" म्हणजे किती, हे ठरवायला यंत्र लागत नाही. सायकल चालवताना सोबत्याशी बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये. गाता येत असेल तर जरा जोर वाढवा. दोन-चार शब्दांनंतर श्वासासाठी थांबावे लागत असेल तर व्यायाम जोरकस झाला, आपले दुखणे आणि वय बघून तो कमी करा. स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ गुन्नार बोर्ग यांनी तर श्रमाची मोजपट्टीच केली आहे. सहापासून वीसपर्यंत आकडे, आणि आपल्याला किती श्रम वाटतात ते आपणच सांगायचे. जगभर हृदयरुग्णांच्या व्यायामात ती वापरतात. पेशंटला वाटणारे श्रम हीसुद्धा मोजण्याजोगी गोष्ट आहे, असा त्याचा अर्थ.

"मोजल्याशिवाय सुधारणा नाही," हे भाच्याचे वाक्य. तो संगणकातला माणूस, त्याच्या कामात ते खरे असेल. पण आकडा कुठून आला हे एकदा विचारावे. रोज दहा हजार पावले चाला, हे आज घरोघरी माहीत आहे. त्याचे मूळ १९६५ साली जपानमध्ये निघालेल्या एका पावले मोजायच्या यंत्रात आहे. त्या यंत्राचे नावच "दहा हजार पावलांचा मीटर" अशा अर्थाचे होते. यंत्र विकायला घेतलेला गोल आकडा, पुढे तो आरोग्याचा नियम होऊन बसला. सरांचे वीस किलोमीटर तरी कुठून आले? मी त्यांना विचारले. म्हणाले, "एकोणीस बरे दिसत नाही."

ज्यांना मीटर खरोखर हवाच, असेही सायकलस्वार आहेत. दोनशे किलोमीटरची ब्रेव्हे साडेतेरा तासांत पुरी करायची असते, तिथे अंतर आणि वेळ डोळ्यांपुढे लागतेच. नागपूरचे डॉ. अमित समर्थ आणि लष्करातले डॉक्टर लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ यांनी २०१७ साली अमेरिका आडवी पार करण्याची शर्यत एकट्याने पुरी केली. तसल्या प्रवासात आकड्यांशिवाय पान हलत नसणार. त्यांचा विषय वेगळा. साखर आणि रक्तदाब ताब्यात राहावा म्हणून सायकल काढणाऱ्यांनी त्यांचे यंत्र उसने आणू नये.

फोनवर फेऱ्या नोंदवून चारचौघांना दाखवणाऱ्यांना एक सांगणे. आपले घर कुठे, आपण रोज किती वाजता निघतो, हे त्यात जगजाहीर होते. २०१८ च्या जानेवारीत अशाच एका अ‍ॅपच्या नकाशावरून काही देशांचे लष्करी तळ ओळखू आल्याचा बोभाटा झाला होता. आपला जिल्हा फौजींचा, तेव्हा घरातल्या सुटीवर आलेल्या मुलाला एवढे विचारून घ्यावे.

माझा स्वतःचा निर्णय मात्र वरच्या कोणत्याच कारणाने झाला नाही. दिवाळीच्या आदल्या आठवड्यातली गोष्ट. माहुलीकडे उतरताना आकडा २८ वरून २९ होतो का, हे बघत होतो. तेवढ्यात कोणी तरी ओरडले, "डाक्टर, खाली काय बघताय, म्होरं बघा की!" आमचा दूधवाला होता. पुढे शाळेच्या गणवेशातली दोन पोरे रस्ता ओलांडत होती. ब्रेक लागला, कोणाला काही झाले नाही. घरी येऊन हिशेब केला. ताशी २० च्या वेगाला दोन सेकंद नजर खाली गेली तर अकरा मीटर रस्ता न बघता जातो. उतारावर माझा वेग त्याहून बराच जास्त होता. पोरे तर दहा-पंधरा मीटरवर असतील. त्या दिवशी ओपीडीत माझेच हात बराच वेळ गार होते.

मीटर मी काढला नाही. त्याच्या काचेवर वेगाचा आकडा येतो तेवढ्या भागावर दवाखान्यातली चिकटपट्टी लावली. खालच्या ओळीत चालवलेली मिनिटे दिसतात, तेवढी ठेवली. एकूण अंतर महिन्याच्या एक तारखेला पट्टी उचलून बघतो. आता पुन्हा "रोज बारा किलोमीटर" म्हणायची सोय राहिलेली नाही, आणि ती नसलेलीच बरी. सौ.चे म्हणणे की, एवढे झाकायचेच होते तर मनगटावरचे घड्याळ काय वाईट होते. याला माझ्याकडे उत्तर नाही.

सरांना मी हाच सल्ला दिला. गोळीची वेळ बदलून ती न्याहारीबरोबर केली, निघण्याआधी काही तरी पोटात, खिशात साखर, मीटरवर पट्टी, आणि घराचे फाटक आले की आत. त्यांनी विचारले, "मग वहीत काय लिहू?" त्यांची वही म्हणजे आखीव रकान्यांची, तारीख, अंतर, सरासरी, कमाल वेग. मी म्हटले, मिनिटे लिहा, निघण्याआधीची आणि परतल्यावरची साखर लिहा, आणि एक रकाना श्वासाचा करा. बोलता येते का, गाता येते का, एवढेच.

गेल्या आठवड्यात ते वही घेऊन तपासणीला आले. साखर व्यवस्थित आहे. श्वासाच्या रकान्यात त्यांच्या वळणदार अक्षरात रोज एकच नोंद होती: "बोलता आले. गाता आले नाही." आणि पहिल्या दिवशीच्या नोंदीपुढे कंसात, "एरवीही येत नाही."